डाव्या कमानीचा बोल्ट

खुर्ची उलटी करून पाहिल्याशिवाय काका तिच्यावर बसत नसत. पाय वर करून चारही सांधे अंगठ्याने दाबायचे, एखादा स्क्रू सैल लागला तर खिशातल्या छोट्या पेचकसाने तिथल्या तिथे पिळायचे, मग खुर्ची सरळ करून बसायचे. स्वतःच्या घरात तसंच, दुसऱ्याच्या घरात तसंच. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी पुढच्या रांगेतली खुर्ची उलटी केलेली मी पाहिली आहे. मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकांना ते कळलंही नाही. एक स्क्रू खरंच सैल होता आणि ते त्यात गुंतले होते.

ते माझे घरमालक. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मूळची कराडची, अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते आणि बदलापूरला मांजर्लीत त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली काका आणि काकू. मूलबाळ नव्हतं. काका अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यातून वाहन विभागाचे फिटर म्हणून निवृत्त झालेले. नदी जवळच. जोराचा पाऊस झाला की पाणी आवारात यायचं, आणि खालच्या खोल्यांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ कायमची उमटलेली होती.

काकांच्या तऱ्हा पुष्कळ. वर्तमानपत्र ते एक दिवस शिळं वाचायचे. "ताज्या पेपरात घाई असते," म्हणायचे. कुठल्याही प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाहीत. मी विचारावं, काका, टाकीचा पाइप गळतोय, बघता का? ते मान हलवून म्हणायचे, "उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली उभे राहून सांगायचे, "हो, बघतो." आधी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं की या माणसाने एकदा हो म्हटलं की ते काम झाल्यातच जमा असतं.

नळ कुणी कचकचून बंद केलेला त्यांना चालत नसे. बरणीचं झाकण, कुलपाची कडी, कशालाच जास्त जोर लावलेला खपत नसे. मला ते केमिस्टबाई म्हणायचे. एकदा माझ्या हातून स्टोव्हची चावी इतकी घट्ट बसली की मला ती उघडेना. खाली घेऊन गेले. त्यांनी ती सोडवून दिली आणि म्हणाले, "घट्ट करायला काय लागतं, केमिस्टबाई? नुसता जोर. पुढे कुणाला तरी ते सोडवायचंय हे ध्यानात ठेवून करायचं."

हे असं बोलणाऱ्या माणसाच्या आवारात एक जुनी अ‍ॅम्बॅसिडर चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती.

ती गाडी अंबरनाथच्या एका डॉक्टरांची. एका पावसाळ्यात ते पेशंट बघायला मांजर्लीत आले आणि नदीचं पाणी चढलं. गाडी दोन दिवस छपरापर्यंत बुडून राहिली. डॉक्टरांनी ती भंगारात काढली, ती काकांनी उचलली. इंजिन त्यांनी वर्षभरात चालू केलं. पण खाली सगळं गंजलेलं. मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते. ती गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेली असते तिथे रबराचे बुश असतात आणि बुशातून आरपार बोल्ट गेलेला असतो. रस्त्याचा धक्का आधी कमान घेते, राहिलेला रबर घेतं, आत बसलेल्या माणसापर्यंत फार थोडा पोचतो. त्या गाडीतलं रबर फुगून फाटलं होतं, आणि बोल्ट बुशाच्या आतल्या नळीशी गंजून एकजीव झाले होते. मागच्या दोन्ही बाजू मिळून असे सहा बोल्ट.

इतर कुणी असतं तर गॅसकटर आणून अर्ध्या दिवसात सहाही कापून टाकले असते. काकांनी तसं केलं नाही, आणि याचं कारण खिडकीच्या आत होतं.

खिडकीच्या आत काकूंची खाट होती. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्या मोरीत पडल्या. मणके मुळातच ठिसूळ, त्यातले दोन दबले. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं-फिरणं विसरा, आणि काही झालं तरी धक्का बसू देऊ नका. त्या दिवसभर उताण्या पडून असायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, पण त्याचं ऑपरेशन या अवस्थेत नको असं ठरलेलं. मी रविवारी त्यांचं अंग पुसून द्यायचे, केस विंचरायचे. त्या आवारात चाललेली ठोकाठोक ऐकत असायच्या आणि मला सांगायच्या, "आता उजवीकडचा चाललाय. आवाज वेगळा येतो."

काकूंचं माहेर मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे. आई लवकर गेली होती, थोरल्या भावाने त्यांना वाढवलं होतं. त्याला त्या दादा म्हणायच्या. दादा ऐंशीच्या घरातले, त्यांनाही घराबाहेर पडणं होत नव्हतं. महिन्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि काका ते काकूंना वाचून दाखवायचे. काकूंना एकदा तिकडे जायचं होतं. राहायला नाही, नुसतं जाऊन यायचं.

"ओटीवर दादाशेजारी आडवं पडायचं," त्या मला म्हणाल्या. "त्याने बोलायचं, मी ऐकायचं. जेवायलासुद्धा नको मला. संध्याकाळी परत."

पण बदलापूर ते मुरबाड आणि तिथून पुढचा रस्ता तेव्हा कसा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एसटीत काकूंना बसवणं शक्यच नव्हतं. भाड्याची गाडी करा, असं मीच सुचवलं होतं. काका दोन टॅक्सीवाल्यांकडे गेले, त्यांच्या गाड्यांखाली वाकून पाहिलं आणि परत आले. "दोघांचेही बुश मेलेत," म्हणाले. "ती मुरबाडपर्यंतसुद्धा पोचायची नाही." म्हणून ही गाडी. तिच्या कमानी त्यांना अशा करायच्या होत्या की खड्ड्यातून गेली तरी मागच्या सीटवर निजलेल्या बाईला कळू नये.

आणि गॅसकटर का नाही, तर कापताना रबर जळतं. खाट खिडकीला लागून, काकूंना खोकला चालण्यासारखा नव्हता. खोकला म्हणजे धक्का. गाडी ढकलून लांब न्यायची म्हटली तर मागची बाजू सुटी झालेली.

काका रोज सकाळी सतरंजी टाकून गाडीखाली जायचे. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचे. घासलेटमध्ये जळकं ऑइल कालवून ते बोल्टच्या कडेला थेंबथेंब सोडायचे. त्यासाठी मी प्रयोगशाळेतला एक ड्रॉपर आणून दिला, त्याचं त्यांना फार अप्रूप. मग चिंधी भिजवून गुंडाळायची आणि दिवसभर तसंच ठेवायचं. संध्याकाळी पितळी हातोडीने हलके ठोके, मग पाना. बोल्ट फिरायचा, पण त्याबरोबर आतली नळीही फिरायची, रबर पिळवटायचं, आणि पाना सोडला की सगळं परत जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक बोल्ट निघायला तीन आठवडे, कधी महिना.

मी रसायनांत काम करणारी. मला ते बघवेना. एकदा म्हटलं, "काका, आमच्याकडे गंज काढायचं अ‍ॅसिड आहे. बाटलीभर आणते. एका दिवसात मोकळं होईल."

दुसऱ्या दिवशी जिन्याखालून उत्तर आलं. "अ‍ॅसिड नको. ते गंज खातं, मग लोखंड खायला लागतं. कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही."

पावसाळा संपेपर्यंत पाच बोल्ट निघाले. दोन तर हॅकसॉच्या नुसत्या पात्याला चिंधी बांधून हाताने कापावे लागले होते. राहिला होता एकच, डाव्या कमानीचा पुढचा. त्या सुमारास नवे बुश आणायला काका उल्हासनगरला निघाले आणि मला सुट्टी होती म्हणून मीही गेले. कॅम्प एकमध्ये एका सिंधी म्हाताऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच. काकांनी बुश हातात घेतला, नख रुतवलं, वास घेतला आणि परत काउंटरवर ठेवला.

"साईं, हे नाही चालणार."

"मालूम है," दुकानदार म्हणाला. "लोकल माल है, मैं झूठ नहीं बोलता. किसके वास्ते चाहिए? टॅक्सी के वास्ते?"

"घरवालीसाठी," काका म्हणाले.

म्हाताऱ्याने काकांकडे नीट पाहिलं. काकांनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, मणक्याचं आणि माहेराचं. तो शिडी लावून वर चढला आणि अगदी मागून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा काढून आणला. त्यातला प्रत्येक बुश काकांनी दाबून, वास घेऊन पाहिला. सगळे ठेवले. निघताना म्हातारा म्हणाला, "पहुंच के बताना हां, कैसा गया."

त्या दिवशी परतताना काका जवळजवळ आनंदात होते. मला सांगत होते की नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावायचं, तेल नाही, तेलाने रबर मरतं. आणि बोल्ट घट्ट करायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच, तिचं वजन तिने स्वतः घेतल्यावर. अधांतरी असताना पिळला तर रबर पहिल्याच खड्ड्यात फाटतं.

मी विचारलं, मग कधी जायचं? "दिवाळीच्या आधी जाऊन येऊ," ते म्हणाले. आज विचारलेल्याचं उत्तर आजच.

पण तो सहावा बोल्ट निघेना.

दिवाळी झाली. काका रोज सकाळी सतरंजी टाकत होते, ड्रॉपरने थेंब सोडत होते, ठोकत होते. काकू विचारायच्या, "अहो, कुठवर आलंय?" ते खालूनच म्हणायचे, "उद्या सांगतो." उद्या सांगायचे नाहीत. मी विचारलं, बाकीचे दोन कापले तसा हा कापत का नाही? तर म्हणाले, "तिथे पत्रा आडवा येतो. पातं जात नाही." दुकानातून आणलेला पुडा तसाच कपाटात. गाडीखालून ते लवकर बाहेर येऊ लागले होते आणि बाहेर आले की कट्ट्यावर नुसते बसून राहायचे, हात न धुता.

काकू आणखी वाळल्या होत्या. एका रविवारी मी केस विंचरत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं नोकरी केली गं यांनी. साहेब लोकांच्या गाड्या यांच्याशिवाय हलत नव्हत्या. आणि माझ्या वेळेला एक बोल्ट निघत नाही यांच्याच्याने." रागाने म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या थकून म्हणाल्या.

दादांची पोस्टकार्डं मात्र येत होती. काका खुर्ची खाटेजवळ ओढून ती वाचायचे. भात झोडून झाला, गाय व्यायली, तू काळजी करू नको, गाडी झाली की ये. काकू डोळे मिटून ऐकायच्या.

मग मी ठरवलं. काका हयातीच्या दाखल्यासाठी अंबरनाथला गेले होते. शनिवारची दुपार होती, मला अर्धा दिवस. कारखान्यातून एका जाड बाटलीत अ‍ॅसिड आणलं होतं, रबरी हातमोजे आणले होते. काकूंना झोप लागलेली होती. मी साडी खोचली आणि काकांची सतरंजी टाकून गाडीखाली गेले.

अ‍ॅसिड लावायच्या आधी तेल पुसायला हवं, म्हणून फडक्याने डाव्या बोल्टची नटबाजू पुसायला लागले. नट फडक्याबरोबर फिरला.

मला वाटलं हात घसरला. फडकं टाकून बोटांनी धरून फिरवला. सहज फिरला. चार-पाच वेढ्यांत हातात आला. दुसऱ्या बाजूने बोल्ट ओढला, तर तो लोण्यातून यावा तसा बाहेर आला. स्वच्छ घासलेला, ग्रीस लावलेला, आट्यांमध्ये गंजाचा कणही नाही. हा बोल्ट कित्येक आठवड्यांपूर्वी निघाला होता. काढून, घासून, तेलपाणी करून तो परत आत घातलेला होता.

मी तशीच पडून राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मग गाडीच्या कडेला चपला दिसल्या. काका लवकर परतले होते. मला त्यांचे पाय आणि धोतराची किनार एवढंच दिसत होतं. तेही वाकले नाहीत.

"निघाला?" त्यांनी हळू विचारलं.

"हा निघालेलाच होता, काका."

"हो."

"मग रोज सकाळी काय करता तुम्ही इथे?"

ते म्हणाले, "ठोकतो. तिला ऐकू जायला पाहिजे."

"कशासाठी? त्या रोज वाट बघतात. त्यांना वाटतं तुमच्याच्याने होत नाही."

"वाटू दे." पाय जरा सरकले. "दादा गेले, केमिस्टबाई. दसऱ्याला. भाच्याचं कार्ड आलं. पोस्टमनने फाटकातच माझ्या हातात दिलं, म्हणून तिला कळलं नाही. हा बोल्ट कार्ड येण्याच्या आदल्या दिवशी निघाला होता."

मला सगळ्यात आधी पोस्टकार्डं आठवली. भात झोडून झाला, गाय व्यायली.

"आणि ती पत्रं?"

"जुनी आहेत. हातात धरतो फक्त."

मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगायला पाहिजे होतं. त्यांचा भाऊ आहे. यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे कितीदा मनात घोळवलं असेल. ते म्हणाले, "तिच्या वडलांचं कळलं तेव्हा ती रात्रंदिवस रडली. धाय मोकलून. सगळं अंग हलायचं तिचं. आता तशी रडली तर मणके राहतील का? डॉक्टर म्हणाला धक्का बसू देऊ नका. हुंदका म्हणजे धक्काच ना?"

खिडकीतून काकूंचा आवाज आला, "अहो, आलात का?"

"आलो," काका मोठ्याने म्हणाले. मग मला, हळूच, "परत घाला तो. आतल्या बाजूने. नट हातानेच लावा, पाना नको."

मी परत घातला. आजही मला सांगता येणार नाही की का घातला. एवढं आठवतं की ग्रीस हाताला लागलं होतं आणि मी ते अ‍ॅसिड पुसायला आणलेल्या फडक्याला पुसलं. बाटली सोमवारी कारखान्यात परत नेऊन ठेवली.

त्यानंतर मी त्यांच्या खोट्यात होते. काकू विचारायच्या, "तू बघतेस ना गं खाली, खरंच निघत नाही का?" मी म्हणायचे, "फार जाम झालाय, काकू." एकदा काकांचा घसा बसला होता. काकूंनी उशाखालून पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. "परवाचं आलेलं. यांनी वाचलं, पण मला पुन्हा ऐकायचंय." कार्ड पिवळं पडलेलं, कोपरे मऊ झालेले, तीन पावसाळ्यांपूर्वीचं. त्यात लावणीला माणसं मिळत नाहीत असं काहीतरी होतं आणि बाहेर थंडी पडली होती. मी भिंतीकडे बघत मनचंच वाचलं. थंडी आहे, शेकोटी करून बसतो, तुझी आठवण निघते.

"अक्षर हललंय का दादाचं?" काकूंनी विचारलं.

"नाही. छान आहे."

त्यांनी कार्ड परत मागून घेतलं आणि छातीवर ठेवलं.

काकूंना फेब्रुवारीत ताप भरला. दोन दिवस घरी औषध झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी श्वास लागला आणि डॉक्टर म्हणाले, ताबडतोब इस्पितळात हलवा. अँब्युलन्स मिळेना. आवारात गाडी उभी होती, इंजिन चालू स्थितीतलं. पण मागची चाकं काढलेली, पाच बुशांच्या जागा रिकाम्या आणि सहाव्या जागी फाटक्या रबरात हाताने अडकवलेला बोल्ट. काका गाडीकडे गेले, वाकले, परत आले. शेजारच्या एकाने भाजीचा टेम्पो आणला. गाद्या टाकून काकूंना त्यात निजवलं. उल्हासनगरपर्यंतचा रस्ता. मी पायाशी बसले होते. काकांनी दोन्ही तळहात काकूंच्या पाठीखाली घातले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ते हात वर उचलायचा प्रयत्न करत होते. तरी प्रत्येक खड्ड्याला काकू कण्हत होत्या.

अंबरनाथ ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "एक बोल्ट निघाला नाही तुमच्याच्याने."

"नाही निघाला," काका म्हणाले.

ते माझ्या ऐकण्यातल्या त्यांच्या शेवटच्या शब्दांपैकी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

तेराव्याला काकूंचा भाचा आला. दादांचा मुलगा, पन्नाशीचा, शेतकरी. तो जेवायला बसला नाही. दारातच उभा राहून काकांना म्हणाला, "आबा गेलं तवा आत्या नाय आली. तेराव्यापर्यंत आम्ही वाट बघितली. तुम्ही साधं कार्डबी नाय टाकलं. एवढं काय झालं होतं आमच्याकडून?" काका खाली बघत उभे. मला वाटलं आता सांगतील. ते म्हणाले, "माझी चूक झाली." भाच्याने एवढंच ऐकलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले. साबणाच्या पाण्यात बुडवून सहाही बुश बसवले, कमानी चढवल्या, चाकं लावली, ठोकळे काढले. गाडी चाकांवर उभी राहिली तेव्हा खाली जाऊन सहाही बोल्ट पिळले. दोन दिवस लागले फक्त. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "केमिस्टबाई, येता का बरोबर? त्यांना तोंडाने सांगायला हवं. एकट्याने होणार नाही."

पुढे वर्षभरात त्यांनी घर विकलं आणि पुण्याला धाकट्या भावाकडे राहायला गेले. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले. ते वारल्याचं मला त्यांच्या भावाच्या पत्राने कळलं. पण त्यांचं म्हणून जे मला शेवटचं आठवतं ते पुण्याचं नाही, त्या दिवसाचं आहे.

रस्ता सगळा खडी उखडलेला. मी मागच्या सीटवर बसले होते, आणि खरंच सांगते, गाडी होडीसारखी चालली होती. खड्डा दिसायचा, आपण अंग आवळून बसायचो, आणि काहीच व्हायचं नाही. काकांनी सबंध रस्ताभर आरशातून एकदाही मागे पाहिलं नाही.

भाचा शेतावर गेलेला होता. ओटीवर दादांची बायको बसली होती. पार वाकलेली, पांढऱ्या केसांची. गाडीच्या आवाजाने तिने मान वर केली आणि कपाळावर हात धरून पाहिलं. काका जवळ गेले, वाकून नमस्कार केला.

"आलासा," म्हातारी म्हणाली. "ती कुठाय? गाडीत निजलीय का? उतरवा ना तिला."

काका माझ्याकडे बघायला लागले. काय झालंय ते आम्हाला एकदमच कळलं. मुलाने आईला सांगितलेलं नव्हतं. नवरा जाऊन पाच महिने झालेले, म्हातारी, तिला आणखी एक धक्का नको म्हणून.

काकांना तेव्हा काहीही सांगता आलं असतं. तिची तब्येत बरी नाही, पुढच्या वेळी आणतो. मी सांगते, माझ्या तोंडात तेच आलं होतं. मला आता सवय झाली होती.

काका ओटीच्या कडेला बसले. म्हातारीचा हात त्यांनी हातात घेतला.

"ती गेली, वहिनी. पंधरा दिवस झाले. दादा गेल्याचं तिला मी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत नाही सांगितलं. म्हणून ती आली नाही. तुमच्यावर रुसली नव्हती."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. म्हातारीने दुसऱ्या हाताने काकांचा हात थोपटला.

"बरं केलं सांगितलं," ती म्हणाली. "पोरं मला काय सांगत नाय. आता रडता तरी येईल मला."

आणि ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडून, सगळं अंग हलवत. आतून सून धावत आली, शेजारच्या दोघी आल्या, ओटी बायकांनी भरली. मी तिला धरून बसले. मान वर केली तेव्हा काका ओटीवर नव्हते. अंगण ओलांडून ते गाडीपाशी गेले होते आणि आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी मागच्या दाराची मूठ घट्ट धरून उभे होते. बायका आत गेल्या तरी ते तिथेच होते. सून चहा घेऊन गेली, तो त्यांनी घेतला नाही. ऊन कलल्यावर मीच जाऊन म्हटलं, "काका, निघायचं ना?"

त्यांनी मूठ सोडली नाही.